आधी रकाना, मग माहिती

शाळेच्या कार्यालयातले जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख असे छापील रकाने आणि त्यांच्याखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. यातला जन्मतारखेचा रकाना जरा थांबून पाहण्यासारखा आहे. तारीख एकदा अंकात लिहायची आणि पुन्हा अक्षरात. एकच गोष्ट दोनदा का? तर १ चा ९ करायला शाईचा एक फराटा पुरतो. 'एक'चा 'नऊ' करणे तितके सोपे नाही. ही खबरदारी लेखनिकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. रकाना आखतानाच ती घेतलेली आहे.

संगणकावरचा डेटाबेस म्हणजे, ढोबळमानाने, असेच एक रजिस्टर. त्यातल्या आडव्या ओळीला 'रेकॉर्ड' म्हणजे नोंद म्हणतात आणि उभ्या रकान्याला 'फील्ड'. फरक असा, की कागदाला समास असतो. रकान्यात न मावणारी गोष्ट लेखनिक बारीक अक्षरात वर-खाली लिहितो, बाण काढतो, नाहीतर सरळ शेवटच्या 'शेरा' या रकान्यात घालतो. संगणकाला हे चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या आज्ञावलीत नवे टेबल आखायला घेतले, की एकही नाव भरण्याआधी ती विचारते: या रकान्यात काय येणार? अक्षरे, संख्या, तारीख, रुपये, की नुसते हो-नाही? किती लांबीचे? रिकामे ठेवलेले चालेल का? कोणते उत्तर नाकारायचे? पुष्कळ जण या चौकशीला कंटाळून सगळीकडे 'टेक्स्ट' निवडतात आणि पुढे जातात.

ही प्रश्नावली काही ॲक्सेसने शोधून काढलेली नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. रकाना आखणारा माणूस त्या वेळची अडचण पाहून निर्णय घेतो. पुढे तो माणूस जातो, अडचणही जाते, निर्णय मात्र माहितीत रुतून बसतो.

भोकांची कार्डे

अमेरिकेच्या १८८० सालच्या जनगणनेत सुमारे पाच कोटी माणसांची नोंद झाली. त्या नोंदींवरून हाताने खुणा करून तक्ते बनवायचे काम इतके लांबले, की ते आवरेपर्यंत पुढची जनगणना जवळ आली. हर्मन हॉलरिथ हा तरुण अभियंता त्या कार्यालयात काही काळ कामाला होता. आगगाडीच्या प्रवासात त्याने एक पद्धत पाहिली होती. तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून तिकीट तपासनीस त्यावर ठराविक जागी भोके पाडून प्रवाशाचे वर्णनच नोंदवत असे: केस कसे, डोळे कसे, नाक कसे. हॉलरिथने प्रत्येक माणसाचे असे एक कार्ड करायचे ठरवले. जानेवारी १८८९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८९० च्या जनगणनेत त्याची यंत्रे कामाला लागली.

त्या जनगणनेच्या कार्डावर २४ स्तंभ आणि १२ ओळी, म्हणजे २८८ जागा होत्या. कार्ड यंत्रात ठेवून वरून टाचण्यांचा साचा दाबला, की जिथे भोक असेल तिथली टाचणी आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्याला टेके. विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. या वेळी सुमारे सहा कोटी तीस लाख माणसे मोजायची होती.

यंत्राच्या वेगाचे कौतुक नेहमी होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. कागदावर गणक काहीही लिहू शकत होता. कार्डावर फक्त आधी नेमून दिलेल्या जागीच भोक पाडता येत होते. म्हणजे पहिले कार्ड छापण्याच्या आधीच कुणाला तरी बसून ठरवावे लागले, की प्रत्येक प्रश्नाची उत्तरे किती आणि कोणकोणती असू शकतात. आज डेटाबेस आखताना आपण हेच करतो.

हे ठरवणे किती विचित्र असू शकते, हे याच जनगणनेत दिसते. वंशाच्या प्रश्नाला गोरा, काळा, चिनी, जपानी, मूळचा अमेरिकी अशी उत्तरे होतीच. शिवाय आजोबा-आजींपैकी एक काळा असलेली माणसे वेगळी, पणजोबा-पणजींपैकी एक काळा असलेली त्याहून वेगळी, असेही कप्पे होते. या अपूर्णांकांना जीवशास्त्रात काही अर्थ नाही. दारात उभ्या असलेल्या गणकाला ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळणेही शक्य नव्हते. पण कप्पा होता, म्हणून तो भरला गेला, त्याची बेरीज झाली आणि ती बेरीज छापूनही आली. १९०० च्या जनगणनेत हे कप्पे काढून टाकले. दहा वर्षांत ती माणसे कुठेही गेली नव्हती, त्यांचे रकाने तेवढे गेले होते. पुढे १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत १८९० ची मूळ प्रपत्रे मोठ्या प्रमाणात खराब झाली आणि उरलेली नंतर नष्ट करण्यात आली. गणकाने खरोखर काय लिहिले होते, हे आता थोडे तुकडे सोडले तर पाहता येत नाही. कप्प्यांच्या बेरजा मात्र उपलब्ध आहेत.

दोन आकड्यांची काटकसर

हॉलरिथची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांमध्ये विलीन झाली आणि त्या कंपनीचे नाव १९२४ साली आयबीएम झाले. आयबीएमने १९२८ साली चौकोनी भोकांचे, ८० स्तंभांचे कार्ड आणले. एका स्तंभात एक अंक किंवा एक अक्षर. शेजारशेजारचे काही स्तंभ एका माहितीसाठी राखून ठेवायचे, त्याला फील्ड म्हणायचे. पहिले सहा स्तंभ कर्मचाऱ्याचा क्रमांक, पुढचे वीस नाव, अशी वाटणी. नाव एकवीस अक्षरी असेल तर एकविसावे अक्षर गेले.

ऐंशीच घरे असली की माणूस काटकसर करतो. जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख अशा तीन तारखा नोंदवताना प्रत्येक सालातले १९ गाळले, तर सहा स्तंभ वाचतात. ऐंशीतले सहा काही थोडे नव्हेत. शिवाय १९ सगळ्यांनाच माहीत होते, ते पुन्हा कशाला लिहायचे? हा निर्णय त्या वेळी चुकीचा नव्हता, असे माझे मत आहे. अडचण पुढे झाली. कार्डे जाऊन चुंबकीय फिती आल्या, साठवणूक स्वस्त होत गेली, तरी सालाचा रकाना दोनच घरांचा राहिला. कोबोल या १९६० च्या सुमारास तयार झालेल्या भाषेत प्रत्येक फील्डचा प्रकार आणि रुंदी कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'पिक्चर' या शब्दाने सांगावी लागे. 'पिक्चर ९९' म्हणजे इथे दोन अंक येतील, तिसरा नाही. बँका, विमा आणि सरकारी खाती यांच्या असंख्य आज्ञावल्यांत सालासाठी हेच लिहिले गेले.

बॉब बेमर या संगणकतज्ज्ञाने १९७१ सालीच याबद्दल लेख लिहून सावध केले होते. तेव्हा २००० साल फार दूर वाटत होते, आणि आज लिहिलेली आज्ञावली तीस वर्षे टिकेल हे कोणाच्या मनात येत नव्हते. त्या टिकल्या. ००मधून ७० वजा केले तर वय उणे सत्तर येते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभर हे रकाने शोधून दुरुस्त करावे लागले आणि भारतीय संगणक कंपन्यांना त्या निमित्ताने मोठे काम मिळाले.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. रकाना चार घरांचा करणे हा खरा मार्ग, पण खर्चाचा. दुसरा तडजोडीचा: दोन आकडे आले तर ते कोणत्या शतकातले हे एका नियमाने ठरवायचे. विंडोजच्या जगात बराच काळ चाललेला नियम असा, की ०० ते २९ म्हणजे २००० च्या पुढचे आणि ३० ते ९९ म्हणजे १९०० च्या पुढचे. १९२८ साली जन्मलेल्या आजोबांचे साल कोणी नुसते '२८' असे टाइप केले, की त्यांचा जन्म २०२८ मध्ये होई. म्हणून तारखेच्या रकान्याला आजही चार आकडी साल दाखवायला सांगावे आणि 'आजच्या तारखेनंतरचा जन्म नाकार' असा नियम बरोबर जोडावा.

रिकाम्या घराचा अर्थ

रकान्यांच्या विचाराला गणिताची बैठक दिली ती एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्रात कशी रचली आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नसावे, त्याच्यापुढे फक्त तक्ते असावेत, ही त्यातली मुख्य कल्पना. आजचे बहुतेक डेटाबेस याच कल्पनेवर उभे आहेत. प्रत्येक रकान्याला त्याने एक क्षेत्र नेमून दिले. क्षेत्र म्हणजे त्या रकान्यात येऊ शकणाऱ्या सर्व किमतींचा संच. इयत्तेच्या रकान्याचे क्षेत्र १ ते १२, महिन्याचेही १ ते १२. अंक तेच असले, तरी इयत्तेची महिन्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. 'संख्या' एवढे म्हणणे पुरेसे नसते. कशाची संख्या हेही रकान्याने सांगितले पाहिजे.

कॉडला अधिक छळणारा प्रश्न होता रिकाम्या घराचा. शिक्षकांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही, कारण गुणपत्रकात ० आणि 'गैरहजर' यांतला फरक आपण रोज पाळतो. चार मुलांपैकी तिघांना ८, ६ आणि ७ गुण मिळाले आणि चौथा परीक्षेला आला नाही. परीक्षा दिलेल्यांची सरासरी ७. गैरहजर मुलाच्या नावापुढे ० लिहिले, तर तीच सरासरी ५.२५ होते. या अज्ञात किमतीसाठी डेटाबेसमध्ये 'नल' नावाची खूण आली. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. 'माहीत नाही' असे स्पष्टपणे सांगणारी ती खूण आहे.

तिचे वागणे सुरुवातीला चमत्कारिक वाटते. समजा, वर्गात ४० मुले आहेत, २५ गावातली, १२ बाहेरगावची आणि तिघांचे गाव नोंदवलेले नाही. डेटाबेसला 'गाव शिरूर आहे अशी मुले दे' म्हटले तर २५ मिळतात आणि 'गाव शिरूर नाही अशी मुले दे' म्हटले तर १२. बेरीज ३७. उरलेल्या तिघांबद्दल दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'सांगता येत नाही' असेच आहे, त्यामुळे ती दोन्ही याद्यांतून गळतात. हे तर्कशास्त्र दोन नव्हे तर तीन उत्तरांचे आहे: खरे, खोटे, अज्ञात. कॉडने पुढे असेही सुचवले की अज्ञाताच्याही दोन खुणा असाव्यात. एक 'उत्तर आहे पण आपल्याला माहीत नाही' याची आणि दुसरी 'हा प्रश्न इथे लागूच नाही' याची. शाळा सोडल्याची तारीख अजून शिकत असलेल्या मुलापुढे रिकामी असते, ती दुसऱ्या अर्थाने. ही सूचना बाजारातल्या डेटाबेसनी उचलली नाही. क्रिस्टोफर डेट या कॉडच्याच सहकाऱ्याने तर नल ही कल्पनाच सदोष ठरवली. हा वाद आजही मिटलेला नाही.

टेबलावरचा डेटाबेस

इथपर्यंतचे सारे मोठ्या यंत्रांवर चालले होते. घरातल्या छोट्या संगणकावर डेटाबेस आला तो फुटबॉलमुळे. पॅसाडिना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणारा वेन रॅटलिफ याला कार्यालयातल्या फुटबॉलच्या पैजांसाठी जुन्या सामन्यांची आकडेवारी ठेवायची होती. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावरच्या एका आज्ञावलीच्या धर्तीवर त्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या संगणकासाठी एक आज्ञावली लिहिली. तीच पुढे 'डीबेस टू' या नावाने बाजारात आली. डीबेस वन कधीच नव्हती. दुसरी आवृत्ती म्हटले की माल पक्का वाटतो, एवढेच.

डीबेस टूमध्ये रकान्याचे प्रकार तीनच होते: अक्षर, संख्या आणि तार्किक म्हणजे हो-नाही. १९८४ च्या डीबेस थ्रीमध्ये तारीख आणि 'मेमो' हे प्रकार आले. मेमो म्हणजे आपला 'शेरा'च, हवे तेवढे लिहायची जागा. रकान्याच्या नावाला मात्र दहाच अक्षरांची मर्यादा राहिली. ती मर्यादा अजून जिवंत आहे. भूगोलाच्या नकाशांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'शेपफाइल'मध्ये गावांची माहिती डीबेसच्याच जुन्या रचनेत ठेवली जाते. त्यामुळे आजही नकाशे करणाऱ्यांना 'लोकसंख्या दोन हजार अकरा' असे नाव द्यायचे झाले, तर ते कातरून दहा रोमन अक्षरांत बसवावे लागते.

या जुन्या डीबेसमध्ये नल नव्हते. संख्येचा रकाना कोरा सोडला, तर हिशेबात तो ० धरला जाई. आपल्याकडे १९९० च्या दशकात गल्लोगल्लीच्या संगणकवर्गांत डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवले जात होते. त्या काळात त्यांवर केलेल्या पाहण्यांचे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस नोव्हेंबर १९९२ मध्ये आले. टेबलाचा आराखडा पडद्यावर वर रकान्यांची यादी आणि खाली निवडलेल्या रकान्याचे गुणधर्म अशा दोन भागांत दाखवायची त्याची पद्धत शिकवायला सोयीची आहे. इथे इतिहासातले सगळे जुने निर्णय एका पानावर गोळा झालेले दिसतात.

संख्येचा रकाना घ्या. त्यात पुन्हा आकारमान निवडायचे: 'बाइट' घेतला तर ० ते २५५, 'इंटिजर' घेतला तर उणे ३२,७६८ ते ३२,७६७, 'लाँग इंटिजर' घेतला तर साधारण दोन अब्ज चौदा कोटींपर्यंत. आपला दहा अंकी मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे तो लाँग इंटिजरमध्ये बसतच नाही. पण खरा मुद्दा तो नाही. मोबाइल क्रमांक ही संख्याच नव्हे. दोन मोबाइल क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० संख्येच्या रकान्यात टाकला, की तो २० होतो आणि पुढचे शून्य कायमचे जाते. हजेरी क्रमांक, पिन कोड, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक यांना आपण क्रमांक म्हणतो खरे, पण काम ते नावाचे करतात. त्यांचा रकाना टेक्स्टचाच असावा. मी विद्यार्थ्यांना एकच विचारायला सांगतो: याची सरासरी काढली तर तिला काही अर्थ आहे का?

३२,७६७ या मर्यादेची किंमत एकदा फार मोठी मोजावी लागली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदा उडाले. त्याच्या मार्गदर्शक आज्ञावलीचा काही भाग एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या त्यात सोळा बिटांच्या, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच्याच जागेत बसवली जाई. एरियान-४ चा वेग पाहता ती मर्यादा कधी ओलांडली जाणार नव्हती. एरियान-५ अधिक वेगवान होते. उड्डाणानंतर ३७ सेकंदांच्या सुमारास संख्या मावेना, मार्गदर्शक संगणक बंद पडला, अग्निबाण वळले आणि फुटले. जागेची रुंदी दुसऱ्याच यानासाठी ठरलेली होती.

रुपयांसाठी 'करन्सी' हा वेगळा प्रकार का, हाही चांगला प्रश्न आहे. संगणक द्विमान पद्धतीत काम करतो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३... असा कधीच संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत ०.१ संपत नाही. तो कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून 'डबल' प्रकारच्या रकान्यात ०.१ दहा वेळा मिळवला, तर उत्तर बरोबर १ येत नाही, किंचित कमी भरते. प्रयोगातल्या मापनांना हा फरक नगण्य असतो. फीच्या हिशेबात तो पैशा-पैशाने वर येतो. करन्सी प्रकारात रक्कम दहा हजाराने गुणून पूर्णांक म्हणून ठेवली जाते, त्यामुळे चार दशांश स्थळांपर्यंत चूक होत नाही.

तारीखही आतून एक संख्याच असते: ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले ती. १ जानेवारी २००० म्हणजे ३६,५२६. हा आरंभदिन असा आडवळणी का? १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या लोकप्रिय आज्ञावलीने १९०० हे लीप वर्ष धरले होते. शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेने भाग गेल्याशिवाय लीप नसते, हे आपली सातवीतली मुलेही सांगतील. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून ती चूक तशीच ठेवली. ॲक्सेसने वापरलेल्या तारखेच्या गणनेत चूक काढली, पण १ मार्च १९०० पासूनचे क्रमांक दोन्हींकडे सारखे यावेत म्हणून आरंभ एक दिवस मागे सरकवला.

आता 'येस/नो'. हा प्रकार सर्वांत सोपा दिसतो आणि मला सर्वांत घातक वाटतो. ॲक्सेसमध्ये यात 'हो'साठी उणे १ आणि 'नाही'साठी ० एवढेच ठेवता येते. नल ठेवता येत नाही. समजा, मुलांनी गावातल्या ४०० घरांची पाहणी केली आणि 'घरात नळ आहे का?' हा रकाना येस/नोचा ठेवला. ६० घरांना कुलूप होते. त्या ६० नोंदींत चौकोनात खूण नाही, म्हणजे उत्तर 'नाही'. अहवालात साठ घरे नळाविना झाली आणि कोणी खोटे लिहिलेलेही नाही. या रकान्यासाठी टेक्स्ट निवडून हो, नाही आणि 'विचारले नाही' अशी तीन उत्तरांची यादी जोडणे केव्हाही बरे. संख्येच्या रकान्यातही असाच धोका असतो. ॲक्सेसच्या अनेक आवृत्त्या तिथे आपण होऊन ० ही डीफॉल्ट किंमत घालून ठेवतात. ती पुसून टाकावी.

याउलट टोकाला 'रिक्वायर्ड' हा गुणधर्म आहे. तो लावला की रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. माहिती परिपूर्ण व्हावी म्हणून सगळ्या रकान्यांना तो लावायचा मोह होतो. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जून रोजी जन्मलेली माणसे इतकी कशी, याचा विचार करून पाहा. पालकांना तारीख ठाऊक नसे, रजिस्टरचा रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असे. गुरुजींनी व्यवहार पाहिला, आणि तो पाहायलाच हवा होता, नाहीतर पोर शाळेबाहेर राहिले असते. पण सक्तीच्या रकान्यात अज्ञाताला जागा नसली की तिथे खऱ्यासारखे दिसणारे उत्तर येते, आणि मग ते खऱ्या उत्तरांतून वेगळे काढता येत नाही.

'लक्ष्मी' किती अक्षरांची?

फील्डची रुंदी मराठीत मोजू लागलो की आणखी एक गुंता पुढे येतो. 'लक्ष्मी' हे नाव आपल्याला दोन अक्षरांचे दिसते. संगणकाच्या हिशेबी ते सात चिन्हांचे आहे: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ ईकार. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९८८ मध्ये ठरले आणि १९९१ मध्ये सुधारले गेले. त्यात या प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागे. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडमध्येही चिन्हे सातच आहेत, पण यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस. नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवलेल्या डेटाबेसमध्ये इंग्रजी नाव ऐसपैस बसते आणि लक्ष्मीचा ईकार गळून पडतो. ॲक्सेस २००० पासून युनिकोडचा वापर करते आणि बाइट न मोजता चिन्हे मोजते. तिथे हा त्रास नाही, पण माहिती दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवताना तो पुन्हा उभा राहू शकतो.

नावाचे रकाने किती असावेत हेही गृहीत धरू नये. पहिले, मधले, शेवटचे अशी पाश्चात्त्य वाटणी आपण वडिलांचे नाव मध्ये घालून चालवून घेतली. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असा क्रम ठरवला. तीन रकान्यांच्या टेबलात या मुलांची नावे कुठेतरी कोंबावी लागतील. ती शाळेत येण्याआधी चौथा रकाना आखून ठेवलेला बरा.

जनुकांचे बारसे

रकान्याचा प्रकार आपण ठरवला नाही तर काय होते, याचे उदाहरण जीवशास्त्राच्या संशोधनातले आहे. तिथे तक्ते बहुधा डेटाबेसमध्ये नव्हे, एक्सेलमध्ये ठेवले जातात. एक्सेलमध्ये रकान्याला आधी प्रकार द्यावा लागत नाही. प्रत्येक घरात काय आले ते पाहून आज्ञावली स्वतः अंदाज करते. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'सेप्ट-२', 'मार्च-१', 'डेक-१' अशी होती. एक्सेलला ती २ सप्टेंबर, १ मार्च आणि १ डिसेंबर वाटली, आणि त्याने तसे बदल करून टाकले. '२३१०००९ई१३' अशा क्रमांकांतला 'ई' त्याने दहाच्या घाताची खूण समजून त्यांची अवाढव्य संख्या केली. २००४ साली काही संशोधकांनी हे निबंधरूपाने दाखवून दिले. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने प्रसिद्ध शोधनिबंधांबरोबरचे एक्सेल तक्ते तपासले. जनुकांच्या याद्या असलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका निघाल्या.

तक्ता चिकटवण्याआधी रकाना निवडून त्याला टेक्स्ट म्हणून सांगितले असते, तर यातले काही झाले नसते. नंतर सांगून उपयोग नाही. तारीख झालेल्या घराला मागाहून टेक्स्ट केले, तर 'मार्च-१' परत येत नाही. ४३,८९१ असा दिवसांचा क्रमांक दिसू लागतो. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच माघार घेतली. २०२० च्या तिच्या नियमांनुसार सेप्ट जनुके 'सेप्टिन' झाली आणि मार्च जनुके 'मार्च-एफ' झाली. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

जुने तक्ते मात्र आहेत तिथेच, शोधनिबंधांना जोडलेले आहेत. 'मार्च-१' प्रमाणेच 'मार्क-१' नावाचे दुसरे एक जनुक होते. रोमन लिपीत त्याचे नाव महिन्याच्या इंग्रजी संक्षेपाशी जुळते, त्यामुळे एक्सेलने त्याचीही १ मार्चच केली. ज्या तक्त्यात '१-मार्च' असे एकच घर शिल्लक आहे, तिथे मुळात या दोघांपैकी कोणते जनुक होते हे केवळ त्या घरावरून सांगता येत नाही.